गुरुजींना धाडलेला खोटा मासा

जाधव गुरुजींनी मला इंदापुरात स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं. वरकुट्याच्या आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्यांच्यामुळं. त्यांच्याशी मी कसा वागलो, हे बायकोलाही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतो — सांगताना माझीच मला किळस येते.

बारामतीत माझं मासेमारीच्या सामानाचं दुकान आहे. निवृत्त झाल्यावर गुरुजी मुलाकडं रत्नागिरीला गेले आणि तिथं खडकावरून गळ टाकायचा त्यांना नाद लागला. फोनवर म्हणाले, "समुद्रासाठी एक चांगला क्रँकबेट धाड. तू त्यातला मास्तर हायस." क्रँकबेट म्हणजे प्लॅस्टिकचा खोटा मासा — ओढला की पुढच्या जिभेमुळं बुडी मारतो, थांबलं की वर तरंगतो; पोटाखाली त्याच्या गळ लटकत असतात.

मास्तर? समुद्रातला एक मासा मी धरला नव्हता. माझं सगळं ज्ञान उजनी धरणाच्या फुगवट्यावरचं. खडकाळ किनाऱ्याला आखूड जिभेचा हवा, गळ जाड आणि न गंजणारे हवेत — एवढं ठाऊक होतं. तसा माल दुकानात नव्हता. 'नाही' म्हणायला काय झालं होतं? पण मला मास्तर राहायचं होतं. उजनीवर चालणारा एक उचलला, पाकिटावरची 'गोड्या पाण्यासाठी' ही पट्टी नखानं खरवडली — आणि पाठवला.

मग एकदा फोन आला. "आरं, केवढा मासा लागला हुता! पार खडकापाशी आणला — आन् गळच सरळ झाला की रं, तारेवानी!"

तेव्हा तरी बोलायचं की नाही? मी म्हणालो, "गुरुजी, तुम्हीच हिसका मारला असणार."

"व्हय... आसंल. हातात दम ऱ्हायला न्हाय आता."

गळाची काठी त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकली. मुलगा सांगत होता, आता घराबाहेरही पडत नाहीत.

आणि मी? जाड गळांचा माल मागवला. गिऱ्हाइकांना बजावू लागलो — समुद्रावर हे गोड्या पाण्याचे गळ नेऊ नका, सरळ होतात. परक्या माणसांना सगळं खरं सांगितलं. गुरुजींना सोडून सगळ्यांना.

काल पत्र टाकलं. फोनवर ते लगेच 'जाऊ दे' म्हणाले असते, म्हणून पत्र.

"गुरुजी, तो गळ समुद्राचा नव्हता. मला ठाऊक होतं, तरी मी पाठवला आणि दोष तुम्हाला दिला. मासा तुम्ही बरोबर आणला होता. तुमच्या हाताला काही झालेलं नाही. — दत्ता"