नाशिक इज अ होली सिटी

वसंतगुरुजींना बोलताना कोणी अडवलं की ते वाक्य पहिल्यापासून सुरू करत. गॅसवाल्याला खिडकीतून एवढंच सांगायचं असायचं, "अरे, टाकी वर आणताना जिन्यातल्या कुंड्या सांभाळ." पण मधे रिक्षाचा हॉर्न वाजला की ते थांबत, हॉर्न संपू देत, आणि पुन्हा, "अरे, टाकी वर आणताना..." पंचवटीतला आमचा रस्ता अरुंद आणि रिक्षा उदंड. टाकी वर यायची, कुंडी फुटायची, गॅसवाला निघूनही जायचा. गुरुजींचं वाक्य अजून खिडकीतच असायचं.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे आणि एका विद्यार्थी संघटनेचं काम करायचे. म्हणजे पत्रकं लिहायची, कॉलेजच्या फाटकाशी वाटायची आणि भांडायचं. पूजा, श्राद्धं, शांती या सगळ्यांबद्दल माझी ठाम मतं होती आणि ती मी जिन्यात उभी राहून मोठ्यानं सांगायचे. गुरुजी शेवटपर्यंत ऐकून घेत. मग म्हणत, "झालं, क्रांतीताई? पूर्ण झालं ना? आता माझं ऐक. आणि मधे तोंड घालू नकोस, नाहीतर दोघांचीही आमटी करपेल." माझं नाव क्रांती नाही. पण त्यांनी ते ठेवलं आणि अख्ख्या इमारतीनं उचललं.

तुटलं की पहिल्यापासून म्हणायची सवय त्यांना वेदपाठशाळेनं लावली होती. लहानपणीच त्यांना त्र्यंबकेश्वरला शिकायला ठेवलं. तिथे पुस्तक उघडायचं नाही. गुरू एक ओळ म्हणणार, मुलांनी ती तशीच पुन्हा पुन्हा म्हणायची. याला ते संथा म्हणत. मधे खोकला आला, जीभ अडखळली, की आरंभापासून. "तुटलेलं देवापर्यंत जात नाही," गुरुजी म्हणत. "अर्धं पोस्टकार्ड कोणी पोचवतं का?"

त्यांची एकुलती मुलगी शरयू लग्न करून इंग्लंडात, लेस्टरला गेली होती. नवरा सोडून गेला. पदरात लहान मुलगी, मीरा. आणि तिथल्या कोर्टानं सांगितलेलं, की बापाच्या संमतीशिवाय मुलीला देशाबाहेर न्यायचं नाही. संमती तो देईना. म्हणजे शरयू तिकडे अडकली. दर रविवारी तिचा फोन यायचा. "मी मजेत आहे, बाबा," एवढं बोलायची आणि मग गप्प. गुरुजीही रिसीव्हर कानाशी धरून गप्प बसत. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, बोला ना काहीतरी!" त्यांनी हातानंच मला थांबवलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तिचं पूर्ण झालं नव्हतं."

त्यांच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, बायको तर त्याआधीच गेलेली. इथे धरून ठेवणारं कोणी नव्हतं. लेस्टरच्या एका देवळाला पुजारी हवा होता, शरयूनं शब्द टाकला, कमिटी तयार झाली. "मला तिथे जाऊन काही पराक्रम करायचा नाहीये," गुरुजी म्हणाले. "तिच्या गावात असायचंय. बस."

पण तिकडच्या सरकारनं नवा नियम आणला होता. बाहेरून येणारा पुजारी असो, मौलवी असो, त्याला इंग्रजी बोलता आलं पाहिजे आणि तसं परीक्षा देऊन सिद्ध केलं पाहिजे. नऊपैकी किमान चार गुण. पुढे ही पट्टी सहापर्यंत वाढवणार, असंही जाहीर झालेलं. कमिटीनं कळवलं की नवरात्राच्या आत निकाल हातात हवा, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो.

मी पेटलेच. "गणपती काय इंग्रजीत मोदक मागतो? बापानं लेकीला भेटायचं तर गुण मोजणारे हे कोण?" त्याच दिवशी पत्रक लिहिलं. शीर्षक होतं, 'माणसाची किंमत चार गुण!' गुरुजींनी ते उभ्यानंच वाचलं. "छान आहे. जोर आहे," म्हणाले. "हे वाचून ते नवरात्राच्या आत नियम बदलतील?"

मी पत्रकाची घडी करून पिशवीत टाकली.

"मग मला इंग्रजी शिकव. पत्रक मागाहून वाटू."

गंगापूर रोडवर तेव्हा अशा परीक्षांचे क्लास निघाले होते. परदेशी निघालेल्या नर्सबाई, इंजिनियर पोरं, आणि त्यांच्यात उपरणं घेतलेले आमचे गुरुजी. क्लासनं तयार उत्तरांचं जाडजूड पुस्तक दिलं. ते मी वाचायचं आणि त्यांनी ऐकून म्हणायचं, असं सुरू झालं. गुरुजींनी इंग्रजीची संथा घेतली! श्रावण लागायच्या आत पुस्तक मुखोद्गत. "माय फेव्हरिट हॉबी इज स्विमिंग," असं ते खणखणीत म्हणत. जन्मभर गोदावरीत गुडघाभर पाण्यात उभं राहून तांब्यानं आंघोळ केलेला माणूस! आमची शेजारीण मंगलमावशी शिवणयंत्र थांबवून ऐकायची. "लय भारी बोलताय गुरुजी," म्हणायची, "राणीच घ्यायला येती बघा आता."

परीक्षा मुंबईला होती. मी सोबत गेले, बाहेर बसले. ते बाहेर आले तेव्हा उपरण्यानं मान पुसत होते.

"काय झालं?"

"बाईंनी विचारलं, गावाबद्दल सांगा. मी सुरू केलं. नाशिक इज अ होली सिटी सिच्युएटेड ऑन द बँक ऑफ द रिव्हर गोदावरी. तोच त्या मधे बोलल्या, की तिथे राहायला आवडतं का."

"मग?"

"मग काय? तुटलं ना. मी म्हटलं, नाशिक इज अ होली सिटी..."

बाईंनी पुन्हा थांबवलं. गुरुजी पुन्हा गोदावरीपासून. बाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, फक्त काहीतरी लिहीत राहिल्या. निकाल आला, तीन. क्लासवाल्या सरांनी स्पष्ट सांगितलं: पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं. ते मुद्दाम मधे तोडतात. तोडल्यावर माणूस काय बोलतो, तेच त्यांना बघायचं असतं.

मी तिथल्या तिथे सरांशी भांडले. हजारो वर्षं माणसांनी पाठ करूनच विद्या जपली, आणि ती तुमच्या पट्टीत चोरी ठरते? सर म्हणाले, "मॅडम, पट्टी माझी नाही." ते खरंच होतं. गुरुजींनी माझी बाही ओढली. "चल. नवरात्र जवळ आलं."

मग मी तेच केलं ज्यात मी मुळात तरबेज होते. मधे तोंड घालायचं. ते वाक्य सुरू करत आणि मी तोडायची. मंगलमावशीलाही कामाला लावलं; ती गॅलरीतून मराठीतच ओरडायची, "गुरुजी, भाजी कोणती केली?" आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं. पहिले काही दिवस ते घामाघूम होत. डोळे मिटून आरंभाकडे पळायचे आणि मी त्यांना फरफटत मधे आणायची. "नाही गुरुजी, मागे नाही! पुढे!" एकदा ते हात जोडून म्हणाले, "क्रांतीताई, थोडं पूर्ण होऊ दे गं." मी होऊ दिलं नाही. रविवारी शरयूचा फोन आला, तेव्हा त्यांनी तिला परीक्षेचं काहीच सांगितलं नाही. कमिटीकडे दुसऱ्या कोणाचा अर्ज आला आहे, हे तिनंच सांगितलं.

दुसऱ्या परीक्षेत घरातल्या एका माणसाबद्दल बोलायला सांगितलं. पुस्तकात त्याचं उत्तर होतं, 'माय ग्रँडफादर वॉज अ सोल्जर'. गुरुजी म्हणाले, "माय डॉटर." परीक्षकानं विचारलं, तिला बऱ्याचदा भेटता का? "नो." का नाही? गुरुजी मला सांगत होते, "तिथे मला मागे जायलाच काही नव्हतं गं. पाठ केलेलं काहीच नव्हतं. मग जे आलं ते बोललो. शी देअर. आय हिअर. टेलिफोन, सायलेंट. आय गो, शी कुक, आय ईट. दॅट्स ऑल."

चार गुण मिळाले. अगदी काठावर. कागद वेळेत पोचले, व्हिसा आला.

इमारतीत पेढे वाटले गेले. निघायच्या आदल्या आठवड्यात मंगलमावशीनं त्यांच्याकडून सत्यनारायण घातला. मीही गेले, प्रसादापुरती. मंत्र चालू असताना कोणाचा तरी मोबाईल वाजला. चांगला मोठ्यानं, सिनेमातल्या गाण्याचा. गुरुजी थांबले. फोन बंद झाला आणि ते जिथे तुटलं होतं तिथून पुढे म्हणू लागले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. दोन ओळींनंतर ते एकदम गप्प झाले. माझ्याकडे पाहिलं.

"पुढे गेलो गं," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी पळीनं पाणी घेतलं, आचमन केलं आणि आरंभापासून सुरुवात केली. गुणपत्रिकेत मिळालेलं लिहितात, या काढून घेतलेल्यासाठी तिथे रकाना नाही. माझं देवाशी तेव्हाही काही देणंघेणं नव्हतं. त्या दोन ओळींवर मात्र मला अजून पत्रक लिहिता आलेलं नाही.

आता ते लेस्टरला आहेत, शरयूपासून दोन गल्ल्यांवर. देवळाच्या कामावर मिळालेल्या व्हिसाची मुदत संपत आली आहे. कायम राहायचं तर आणखी एक परीक्षा, तीही इंग्रजीत. तिथल्या देशाची माहिती, कायदे, सणवार. तीही त्यांनी दिली. निकाल यायचाय. नाही जमलं तर परत यायचं, आणि शरयू तिकडेच.

परवा त्यांचा फोन आला. आवाज कोरडा होता. "हे बघ क्रांतीताई, निकाल आला की पहिला फोन तुला..." मागून मीराचा आवाज आला, फाडफाड इंग्रजीत, तिला बूट सापडत नव्हते. "अंडर द चेअर, बाळा," गुरुजी म्हणाले. मग काही वेळ नुसती खरखर. माझ्या जिभेवर शंभर प्रश्न होते. पेपर कसा गेला, वकील बघायचा का, इथून मी काय करू?

"हं," गुरुजी म्हणाले. "तर, हे बघ क्रांतीताई, निकाल आला की..."

पहिल्यापासून. मी रिसीव्हर घट्ट धरला आणि तोंड मिटून ऐकत राहिले, त्यांचं पूर्ण होईपर्यंत.