पवनीचा समुद्र

तुमच्या गावात अमूर्त चित्रं काढणारा एकच माणूस असेल आणि त्याच्या फ्रेमा करणारे तुम्ही असाल, तर किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी चालत दुकानात येतात, वर चहाही मागतात!

माझं पवनीत फोटो फ्रेमचं दुकान. देव, नवरा-नवरी आणि स्वर्गवासी, एवढ्यावर आमचा धंदा. त्यात शाळेपासूनचा दोस्त मोरेश्वर. हा शेतं आणि समुद्र रंगवतो. पण शेतात बैल नाही, समुद्रात होडी नाही. नुसता रंग! त्याचे वडील दादाजी पुढच्या खोलीत मागावर लुगडी विणतात, हा मागच्या खोलीत रंगवतो. मधे एक दार. ते ओलांडून दादाजींनी त्याचं एकही चित्र कधी पाहिलं नव्हतं. मोरेश्वरला मुंबई-पुण्याच्या कौतुकाचं फारसं काही नाही. बाबांनी एकदा बघावं, एवढंच त्याला हवं होतं.

*

एकदा मी छेडलं, "काबे, समुद्र कधी पाह्यला का तू?"

"नाही."

"मग काढतो कसा?"

"वैनगंगेले पूर आला का घाटावर जाऊन उभा राहतो. पलीकडचं काहीच दिसत नाही. अजून कायले पाहाचं?"

*

खेड्यावरचे एक काका लक्ष्मीची फ्रेम न्यायला आले. मोरेश्वरचं एक हिरवं चित्र भिंतीला टेकवलेलं होतं, मधे पिवळसर डाग. काका चष्मा सावरून वाकले.

"धानाचा रोवणा बेस झाला, पण पानावर करपा आला ना! आजच फवारा मारा, नाही तं हातचं जाईन."

मी हसू दाबलं. माझ्याजवळ बसलेल्या मोरेश्वरने मात्र काउंटरला वळसा घालून काकांचे पायच धरले! त्याच्या चित्रात धान दिसलेला हा पहिला माणूस. जाताना मला म्हणाला, "बाबाले सांगजो हे."

सांगितलं. दादाजींनी मागावरची नजर हलवली नाही. म्हणाले, "फवारलं का मग?"

*

बाजारातल्या एका भिंतीवर लोक तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन थुंकायचे. नगरपरिषदेने दंडाची पाटी लावली, तर पाटीवर थुंकले! शेवटी ती भिंत मोरेश्वरला दिली. त्याने देव काढला नाही, नेता काढला नाही. निळ्यावर निळं, बस. आठवडे गेले, भिंत स्वच्छ. मी एका खर्रेबहाद्दराला विचारलं, "काहून रे, आता थुंकत नाही?"

तो म्हणाला, "भाऊ, काय हाय तेच समजत नाही. उगाच कोनाचं पाप लागाचं!"

आता आणखी दोन भिंतींचं काम त्याच्याकडे आलंय.

*

मोरेश्वरच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, एकदा विचारलं, "वहिनी, असं चित्र पूर्ण झालं, हे कसं समजते हो?"

"दाराले, कुकरले अन् माह्या पदराले रंग लागला, का झालं समजाचं!"

*

मागच्या हिवाळ्यात समाजाच्या सभागृहात त्याचं गावातलं पहिलं प्रदर्शन भरलं. मोरेश्वर सकाळपासून दाराकडे बघत होता. पाहुणे आले, भाषणं झाली, चिवडा संपला. दादाजींचा पत्ता नाही. मी "येतील" म्हणत होतो, पण खात्री मलाही नव्हती.

दिवाबत्तीच्या वेळेला आले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. हात मागे बांधून सगळ्या चित्रांसमोरून न थांबता चालत गेले. शेवटच्या मोठ्या समुद्रापाशी उभे राहिले.

"खाली काढ."

आम्ही दोघांनी चित्र उतरवलं. त्यांनी ते सरळ उलटं केलं! मागच्या कापडावर अंगठा फिरवला, वाकून सूत पाहिलं. मोरेश्वरच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"कुठचं कापड हाय हे?"

"नागपूरवरून आनतो, बाबा. तयार भेटते."

"विरळ विनलं हाय."

मग त्यांनी चित्र सुलटं केलं आणि बघत राहिले. बराच वेळ. वॉचमन किल्ल्या घेऊन दारात उभा.

शेवटी टोपी नीट करत दादाजींनी विचारलं, "पुढच्या समुद्राले पन्हा केवढा लागन?"