वांगी रंगाची मखमल
दौलतरावानं गाडीची सीट विळ्यानं फाडली, ती म्हणे बायकोनं लपवलेलं सोनं शोधायला! मेडशी गावात अशी कुजबुज होती. लोकांच्या तोंडाला झाकण थोडंच असतं?

नवी गाडी आली तेव्हा त्याची बायको अंजना म्हणाली होती, "सीटले कंपनीचंच कव्हर घ्या." पण दौलतराव भाजीचा बागायतदार, माल चमकेवरून पारखणारा. दुकानदार पारसनं वांगी रंगाची मखमल पसरली.

"दौलतभाऊ, कंपनीचं म्हणजे साधं लुगडं. हा शालू पाहा!"

अंजना हसली. "मंग बसवा मले तुमच्या शालूवर."

पुढं एकदा जऊळक्याच्या वळणावर ट्रकनं गाडीला तिच्याच बाजूनं धडक दिली.

सोनं नव्हतंच. सीटमधली एअरबॅग फुगली की कंपनीच्या कव्हरची बाजूची शिवण उसवते. मखमलीची उसवली नाही, एअरबॅग आतच अडकली, अंजना गेली. दौलतराव मागाहून तीच शिवण उसवत होता.