मास्कमागची खेळाडू

आमच्या बेसबॉल क्लबची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत मराठी शिकवते, एवढंच कारण. नागपुरात बेसबॉलचे संघ होते हेच पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून मी मन लावून लिहिलं. हिंगण्याच्या कामगारांचा संघ कंपनीच्या निळ्या शर्टातच खेळायचा आणि शिफ्ट बदलली की अर्धा व्हायचा. जरीपटक्याच्या दुकानदारांच्या मुलांचे बूट सगळ्यांत चांगले, पण दिवाळीच्या आधी महिनाभर त्यांच्यातलं कुणी मैदानावर दिसायचं नाही. ग्लोव्ह सगळ्यांत मिळून नऊच होते. आपली फिल्डिंग संपली की ग्लोव्ह तिथंच गवतात ठेवायचा. समोरच्या संघातला खेळाडू येऊन तोच हातात घालायचा. आतून घामाने ओला असायचा. कुणी नाक मुरडलं नाही.

हे सगळं मी लिहिलं. मुलींच्या संघावर मात्र सहाच ओळी लिहिल्या, आणि त्यांतली शेवटची खोटी होती.

मी काटोलची. वडील संत्र्याच्या बाजारात पेट्या भरायचे. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. नागपूरला शिकायला आले आणि क्लबच्या सरांनी आमच्या कॉलेजच्या मुलींचा संघ काढला. नववी मुलगी मिळेना म्हणून मला घेतलं. चेंडू जवळ आला की माझे डोळे मिटायचे. क्लबमध्ये आमच्याबरोबर आणखी एक मुलगी सराव करायची. ती कॉलेजात नव्हती. दहावीनंतर हिंगण्याला एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. सकाळची शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने यायची आणि कॅचर म्हणून, म्हणजे बॅट घेणाऱ्याच्या मागे चेंडू झेलायला, बसायची. तिच्यासारखा कॅचर तेव्हा मुलांच्या संघातही नव्हता.

विद्यापीठाच्या सामन्यांना फक्त कॉलेजच्या मुली चालत, म्हणून कॅचरच्या जागी माझं नाव लागलं. आदल्या दिवशी सरावात मी अगदी साधे चेंडू सोडले आणि मैदानाच्या कडेला जाऊन रडत बसले. तीच जवळ आली.

"काहून रडून राहिली वं?"

"मले नाही जमत. माह्यापायी हरन सारे."

"मंग मले दे ना तुहा शर्ट."

"पागल झाली का? ओळखतीन ना!"

"कॅचरच्या तोंडावर मास्क असते. आत कोण पाहते? बॅटिंगले हेल्मेट घालाचं अन् मान खाली. उंची सारखीच हाय आपली." मग हसली. "फक्त तुह्यासारखे डोळे मिटता नाही येत मले."

सामन्याआधी ओळखपत्र दाखवून सही मी केली. मग कडुलिंबाच्या झाडामागे आम्ही कपडे बदलले. तिने माझा शर्ट घातला, मी तिचा कंपनीचा ड्रेस. सरांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि चेंडू तिच्या हातात दिला. सगळे सामने तीच खेळली. अंतिम सामन्यात बॅटला निसटता लागलेला एक चेंडू तिच्या उजव्या हाताच्या बोटावर आदळला. ती उठून बाहेर आली असती तर कुणीतरी मास्क काढायला लावला असता. म्हणून ती तशीच बसून राहिली आणि शेवटपर्यंत खेळली. आम्ही जिंकलो. फोटोतही ती मास्क लावूनच उभी आहे.

प्रमाणपत्र माझ्या नावाचं आलं. त्याच्या जोरावर मला खेळाडूंच्या राखीव जागेतून बी.एड.ला प्रवेश मिळाला, पुढे नोकरी लागली. वडिलांनी ते काचेत मढवून घेतलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. तिचं बोट वाकडंच राहिलं. मशीनमध्ये सापडलं, असं तिने घरी सांगितलं.

स्मरणिकेचं काम चाललं असताना तिचा फोन आला. "माही एखादी ओळ टाकशीन का? पोरगी सॉफ्टबॉल खेळते शाळेत. मी खेळत होती हे तिले खरंच नाही वाटत."

"पाहते," मी म्हणाले.

तिची ओळ मी दोनदा लिहिली आणि दोनदा खोडली. नोकरीचं काय होईल, वडिलांना काय वाटेल, हेच मनात येत राहिलं. शेवटी छापून गेलं ते असं: अंतिम सामन्यात कॅचर म्हणून प्रस्तुत लेखिका खेळली.

प्रकाशनाला ती मुलीला घेऊन आली. मी चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळच उभी होते. मुलीने स्मरणिका उघडली, फोटोवर बोट फिरवलं.

"आई, तू कुठी हाय यात?"

तिने फोटो पाहिला, खालची नावं वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मी नाही वं यात. मी पाहाले जात होती."

मला वाटलं होतं, ती रागावेल. तिने मला सांभाळून घेतलं, तेव्हा मात्र राहवलं नाही. "मास्कवाली तुही आई हाय," मी त्या मुलीला म्हणाले. "खाली नाव माहं हाय. खेळली ती."

मुलीने आईचा उजवा हात धरला आणि त्या बोटाकडे पाहिलं. "हे तं मशीननं झालं होतं ना?"

आईने हात सोडवून घेतला. "आता बोलली," ती मला म्हणाली. "छापाच्या वेळेस काय झालतं वं तुले?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"पोरीले सांगितलं, बरं केलं. पण एवढ्या साऱ्याईले वाटलं ते पुस्तक. त्याईले कोण सांगन?"

ती मुलीला घेऊन खुर्चीवर जाऊन बसली. भाषणात माझं नाव घेतलं गेलं तेव्हा सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या.

त्या सगळ्यांना मीच सांगायला हवं, म्हणून हे लिहिलं. सहावी ओळ अशी हवी होती: अंतिम सामन्यात कॅचर म्हणून हिंगण्याच्या कंपनीतली एक कामगार मुलगी, मोडलेल्या बोटानिशी, शेवटपर्यंत खेळली, प्रस्तुत लेखिका तेव्हा तिचे कपडे घालून कडुलिंबाखाली बसली होती.