कासऱ्याचं टोक

आमच्या घराण्यात समुद्र पहिल्यांदा पाहिला तो आजोबांनी, आणि त्यांना तो अजिबात आवडला नाही. ते मेंढपाळ. पावसाळा सरला की इंदापूरकडचा माळ सोडायचा, घाट उतरून मेंढरं कोकणात न्यायची आणि पावसाच्या तोंडावर परतायचं, हा त्यांचा दरवर्षीचा शिरस्ता. समुद्र कसा असतो असं कुणी विचारलं की म्हणायचे, "पानी लई हाय. पर मेंढरांना प्यायच्या कामाचं न्हाय." एवढ्यात त्यांनी समुद्र निकालात काढला होता. त्यांचा नातू, म्हणजे माझा थोरला भाऊ, पुढं नौदलात भरती झाला तेव्हा आजोबा हयात नव्हते. असते तर बिनकामाच्या पाण्याच्या नादी लागलास म्हणून त्यांनी त्याची चांगली खरडपट्टी काढली असती.

आमच्या वडिलांनी, आबांनी, मेंढरं विकली आणि सणसरजवळ घेतलेल्या तुकड्यात ऊस लावला. कालवा जवळ असल्यामुळं आमच्या विहिरीला बारमाही पाणी. या विहिरीत आबांनी गावातल्या दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं. त्यांची पद्धत ठरलेली. पोराच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा, कमरेला बैलाचा कासरा, आणि कासऱ्याचं दुसरं टोक पायरीवर बसलेल्या आबांच्या हातात. पहिला दिवस रडण्यात जायचा, दुसरा पाय मारण्यात. तिसऱ्या दिवशी पाठीवरचा डबा निघायचा, आणि पोर पाण्यात पडलं की आबा अवाक्षरही न बोलता हातातला कासरा सोडून द्यायचे. पोर आपलं त्या दोराच्या भरवशावर हातपाय मारत समोरची कपार गाठायचं आणि वळून बघतं तर कासरा पाण्यावर मोकळा पसरलेला. मग काठावरच्यांचा एकच ओरडा व्हायचा.

पण तेवढ्यानं पोहणं आलं असं आबा मानायचे नाहीत. ते सुटलेलं टोक पकडून पोहत परत यायचं आणि आबांच्या हातात द्यायचं, तेव्हा शिकवणी पुरी. टोक हातात आलं की आबा विचारायचे, "आलास?" पोरानं म्हणायचं, "आलो." मग गुळाचा खडा मिळायचा.

दादा सहा वर्षांचा असताना ते टोक दातात धरून परत आला होता. "आलास?" म्हटल्यावर त्यानं "आलो" म्हटलं आणि वर ऐकवलं, "घ्या तुमचा कासरा, बैलाला लागंल." ही गोष्ट आबा येईल त्या पाहुण्याला सांगत. पाहुणा तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकत असला तरी त्यांचं काही अडत नसे.

माझी गोष्ट मात्र घरात कुणी सांगत नसे, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. दोन दिवस मी बरी पोहले. तिसऱ्या दिवशी हा माणूस मला सोडणार हे पक्कं ठाऊक असल्यामुळं सकाळीच उसात जाऊन लपले. पाचटानं हातपाय कापून निघाले, आईच्या हाका ऐकू येत होत्या, पण मी काही हलले नाही. तेव्हापासून दादा मला "अर्धं तिकीट" म्हणायचा. माझं लग्न होऊन मी बारामतीला आले, शाळांचे गणवेश शिवायचं माझं दुकान सुरू झालं, तरी सुट्टीवर आला की दुकानाच्या दारातूनच ओरडायचा, "काय अर्धं तिकीट, पुरं कधी काढायचं?" गिऱ्हाइकांसमोर! मी कात्री घेऊन त्याच्या अंगावर धावायची.

दादा नौदलात गेला, पण गावाच्या लेखी तो मिलिटरीत होता. आमच्याकडं गणवेशातला कुठलाही माणूस मिलिटरीतच असतो. आईसुद्धा तेच सांगायची. फोनवर ती विचारायची, "हवापाणी कसं हाय तिकडं?" आणि दादा म्हणायचा, "हवा जरा कमी हाय, पाणी भरपूर हाय." सुट्टीला आला की बॅग ओट्यावर टाकून आधी विहिरीवर. आई भाकरी थापता थापता ओरडायची, "वरीसभर पाण्यात असतोस, घरी तरी कोरडा बस की!" आबा मात्र त्याच्या मागोमाग विहिरीवर जाऊन पायरीवर बसत. एकदा त्यानं पाण्यातूनच आबांना सांगितलं होतं, "आबा, समुद्र लई झ्याक हाय. फकस्त त्याला पायऱ्या न्हाईत." आबा त्यावर पोट धरून हसले होते.

चार वर्षांपूर्वी त्याच्या जहाजावरचे एक अधिकारी घरी आले. खवळलेल्या समुद्रात मासेमारीची एक होडी उलटली होती. तिच्यावरच्या माणसांना काढायला दादा पाण्यात उतरला. दोघांना त्यानं वर पाठवलं आणि नंतरच्या लाटेत दिसेनासा झाला. पुष्कळ दिवस शोध घेतला, तो सापडला नाही. अधिकारी हे सगळं फार सावकाश आणि नीट सांगत होते. आई माझा हात आवळून बसली होती. आबांनी शेवटी एकच विचारलं, "कमरंला दोर हुता का?"

अधिकारी म्हणाले, "होता. तो त्यांनी सोडला आणि त्या दुसऱ्या माणसाच्या कमरेला बांधला."

आबा उठले आणि गोठ्यात जाऊन बसले. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. विधी नरसिंहपूरच्या संगमावर केले, देह नव्हता म्हणून दर्भाची प्रतिमा करून. आबा घाटाच्या कोरड्या पायरीवर उभे राहिले. पाण्यात पाऊल टाकायला ते तयार होईनात, म्हणून चुलतभावानं सगळं केलं.

त्याच आठवड्यात गावानं चौकात श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावला. चेहरा दादाचा. खाली हिरवे-तपकिरी ठिपके असलेला लष्कराचा गणवेश, हातात बंदूक, बाजूला रणगाडा आणि पाठीमागं बर्फाचे डोंगर. गणवेश हा माझा धंदा. त्या फोटोत बटणापासून बुटापर्यंत काहीच बरोबर नव्हतं. मी इतकी भडकले की भर चौकात फ्लेक्स लावणाऱ्या पोरांना झापायला निघाले. आई फ्लेक्सकडं बघत म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. बर्फात का हुईना, कोरडा तर हाय." तिच्या या बोलण्यावर आम्ही दोघी डोळे पुसत पुसत हसलो. पुढं पोरांनी फ्लेक्स उतरवून तिला आणून दिला, तो तिनं कडब्याच्या गंजीवर घातला. तेव्हापासून आमचा दादा रणगाड्यासह वैरण राखतो. पावसाळ्यात एक काडी भिजत नाही, आणि आई येता-जाता त्याच्याशी बोलते.

आई अशी सावरली. आबा सावरले नाहीत. कासरा गुंडाळून त्यांनी गोठ्यातल्या माळ्यावर टाकला. पोरं शिकायला आली की म्हणत, "हितं कुणाला शिकवत न्हाईत." विहिरीकडं जाणंच नको म्हणून त्यांनी मोटारीला मोबाइलवरून चालू-बंद करायचं यंत्र बसवून घेतलं. साध्या फोनवर नंबर शोधताना ज्यांची धांदल उडते ते आबा मोटार मात्र फोनवरून चालवू लागले. आईनं एकदा फारच धरून विचारलं तेव्हा म्हणाले, "मी शिकवलं नसतं तर पोरगं पाण्याच्या वाटंला गेलं नसतं. दोर सोडायचा असतो, हे बी माझ्याकडनंच शिकलं." त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नाही. पण विहिरीकडं पाठ करून बसलेला तो माणूस दर खेपेला जरा आणखी म्हातारा दिसायचा, आणि असेच ते आम्हाला सोडून जातील अशी मला धास्ती वाटायची.

या उन्हाळ्यात आईनं मला फोन केला. "तू ये आणि म्हण, मला पोहायला शिकवा."

"आई, चाळिशी उलटली माझी. गुडघे धरतात."

"पाण्यात गुडघं धरत न्हाईत. गावच्या पोरांना न्हाय म्हणत्यात ते. लेकीला न्हाय म्हणून दावू दे."

आईसमोर माझं कधी काही चाललेलं नाही. एका शाळेच्या खेळाच्या गणवेशाचं पिवळंधमक कापड उरलं होतं, त्याचा सैल कुडता-पायजमा शिवला आणि गावी गेले. तो घालून आबांसमोर उभी राहिले, तर त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "न्हाय."

"ठीक हाय," मी म्हटलं, "मग एकटीच उतरते." आणि निघाले. पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात उभी राहिले तेव्हा माझे दात वाजत होते, आणि मनात एकच धावा चालला होता की देवा, हा माणूस लवकर येऊ दे, नाहीतर मला खरंच उडी मारावी लागेल. तेवढ्यात वरून धापा टाकत आवाज आला, "थांब! हालू नगंस! कासरा आणतो!"

डबा गंजून गेला होता, म्हणून पाठीला प्लास्टिकचे दोन कॅन बांधले. पहिल्या दिवशी मी रडले. पद्धतीप्रमाणं बरोबरच झालं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी बातमी गावभर झाली आणि काठावर जत्रा जमली. जो तो शिकवायला लागला. माझे पाय काही केल्या जमेनात, तेव्हा भावकीतली एक वहिनी वरून ओरडली, "वन्सं, शिलाई मशीनचं पायडल हाय असं समजा आन् मारा!" आश्चर्य म्हणजे तसं समजल्याबरोबर मी पुढं सरकले. पायरीवरून खो खो हसण्याचा आवाज आला. चार वर्षांनी आबा हसत होते. माझ्या नाकातोंडात पाणी गेलं होतं, तरी मला इतका आनंद झाला की काय सांगू.

तिसऱ्या दिवशी कॅन काढले. या वेळी मी उसात लपले नाही. पायडल मारत, धापा टाकत समोरची कपार गाठली, तिला गच्च धरलं आणि वळून पाहिलं. कासरा सुटलेला नव्हता. माझ्या कमरेपासून आबांच्या हातापर्यंत तो ताणलेला होता, आणि त्यांनी मनगटाला त्याचे दोन वेढे घेतले होते. काठावरच्या लोकांनाही ते दिसलं.

"आबा," मी म्हटलं, "सोडा की."

त्यांनी मान हलवली. "न्हाय हुयाचं माझ्याच्यानं."

मला दादा आठवला, सहा वर्षांचा, दातात दोर धरलेला. मी म्हटलं, "सोडा, आबा. मी परत आणून देते."

मग त्यांनी एक वेढा काढला. मग दुसरा काढला. मग हात उघडला, आणि कमरेला बसलेला ताण एकदम गेला. मी घाबरले, खोटं कशाला बोलू. मोकळा कासरा पाण्यातून ओढत टोक शोधलं, दातात धरलं आणि कपार सोडली. विहीर केवढीशी ती, पण मला संपता संपेना. पाणी प्याले, दिशा चुकले, वहिनी "पायडल, पायडल" ओरडत होती. शेवटी पायाला पायरी लागली. मी दातातलं टोक काढून आबांच्या हातात ठेवलं.

त्यांनी टोक धरलं, आणि त्याच्यासकट माझा हातही धरला.

"आलीस?"

"आले."

वरून आईनं गुळाचा खडा फेकला, तो नेमका पाण्यात पडला, आणि काठावर हशा पिकला. आबांचं तिकडं लक्षच नव्हतं. माझा हात न सोडता त्यांनी पुन्हा विचारलं, "आलीस?"

"आले, आबा," मी पुन्हा म्हटलं.