हातवाऱ्यांचं डिक्टेशन

स्टाफरूममधले किस्से जमवावे लागत नाहीत, चहा आला की आपोआप निघतात. आमच्या लोधीपुऱ्यातल्या शाळेत त्यातले निम्मे माझेच! बावीस वर्षं मराठी-हिंदी शिकवली, मग शाळा इंग्लिश मीडियम झाली आणि चौथीचं इंग्लिश माझ्या गळ्यात पडलं.

पहिल्याच डिक्टेशनला मी 'सन' म्हटलं. मला सूर्य हवा होता, अर्ध्या वर्गानं मुलगा लिहिला. मी लाल फुल्या मारल्या. दुसऱ्या दिवशी नंदिनीचे वडील वही घेऊन हजर. तुकईथडचे शेतकरी, पोरगी इथं मामाकडे. "मॅडम, तुम्ही दोन्ही सेमच बोलता, मग पोरीची गलती कशी?"

मग मी हात वापरायला लागले. सूर्याला खिडकीकडे बोट, मुलाला कमरेएवढी उंची. 'मीट' भेटण्याचं असलं तर नमस्कार, मटणाचं असलं तर सुरी. 'फ्लावर' फुलाचं असलं तर वेणीत खोचायचं, पिठाचं असलं तर कणीक मळायची. खेळाचे शिंदे सर व्हरांड्यातून म्हणाले, "मॅडम, पीटी माझ्याकडे आहे ना?"

सवय घरीही आली. एकदा यांच्यासमोर उभी राहून मी नुसती हवेत कणीक मळली. हे नेपानगरच्या कागदाच्या मिलमधून रिटायर. मशीनच्या आवाजात खुणांवरच नोकरी झालेली. डबा उचलून थेट दळणाला गेले.

मग बातमी आली. शाळा चालवणाऱ्या ट्रस्टचे सर वर्ग बघायला येणार, पसंत पडलं नाही तर पुढच्या वर्षी माझी सुट्टी. आमच्या प्रिन्सिपल, बडी मॅडम, म्हणाल्या, "ताई, उस दिन हाथ मत हिलाना. सर्कस लगती है."

त्या दिवशी हात पाठीमागे घेऊन, मुठीत पदर घट्ट धरून मी भिंतीशी उभी. सरांनी पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं, हात खिशात घातले आणि स्वतःच डिक्टेशन सुरू केलं.

"फ्लावर."

एक पेन हललं नाही. सगळी पोरं सरांच्या खिशाकडे बघत बसली. सर पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. तशी नंदिनी उभी राहिली.

"सर, हात बाहेर काढा ना. असं कसं समजेल?"

सरांनी हात बाहेर काढले. त्यांचं काय करायचं ते न कळून माझ्याकडे पाहिलं. ते पान मला पाठ होतं, शब्द पिठाचा होता.

मी पदर सोडला आणि कणीक मळायला लागले.