बरणीतली मूठ

वावडीधार गावात ओधवजी पिठवांना सगळे 'शोधक' म्हणत. गुजरातीत हा शब्द मोठा लबाड आहे. हरवलेली म्हैस शोधत हिंडणारा शोधक, आणि नवं यंत्र काढणारा तोही शोधकच. ओधवजी पहिल्या जातीतले. धंद्याने लोहार, पण त्यांनी घडवलेले विळे-कोयते कुणाच्या ध्यानात राहिले नाहीत. विहिरीत काही पडलं की मात्र माणूस त्यांच्याकडेच धावे. मग ते खांद्यावर मिंदडी टाकून निघत. मिंदडी म्हणजे मांजर, आणि मांजरीच्या नखांसारखे आकडे असलेला लोखंडी गळही मिंदडीच. तिने त्यांनी कळश्या काढल्या, बादल्या काढल्या, चांदीची कडी काढली. एकदा सरपंचांची कवळी काढली. सरपंच तोंडावर उपरणं धरून काठावर बसले होते. ओधवजींनी कवळी धुतली आणि चारचौघांत म्हणाले, "बसवून बघा, तुमचीच ना?"

घरात याच माणसाला स्वतःचा चष्मा सापडत नसे. समजुबेन, म्हणजे त्यांची बायको, रोज सकाळी तो त्यांच्या कपाळावरून खाली ओढून नाकावर ठेवी आणि पुढच्या कामाला लागे.

पुढे विहिरी आटल्या आणि गावाने बोअर मारले. बोअरच्या वीतभर भोकात कळशी पडत नाही आणि कवळी पडेल इतकं वाकून कुणी बघत नाही. पडते ती फक्त पंपाची मोटार. वरचा पाइप तुटला की ती चारशे फूट खाली जाऊन बसते, आणि मिंदडी तर त्या भोकात शिरतही नाही. ओधवजींचं नाव शोधक राहिलं, पण त्याची चेष्टा झाली. पानवाला त्यांना बघितलं की हाक मारी, "ओधवकाका, माझी जवानी पडलीय कुठेतरी, टाका ना गळ!"

"तुझी जवानी?" ओधवजी म्हणत. "होती कधी?"

उत्तर द्यायचे, पण घरी येऊन मिंदडीवरचा गंज घासत बसायचे. त्यात मुलगा कांती सुरतेला. दर रविवारी त्याचा फोन. "बापू, आता कुणासाठी भाता फुंकताय? इथे या. अकराव्या मजल्यावर काय वारा येतो!" समजुबेनला वाऱ्याचं कौतुक नव्हतं. तिला अंगण हवं होतं, आणि लिफ्टचं दार मिटलं की तिला धाप लागे. नवऱ्याशिवाय इथे राहणंही तिला जमणारं नव्हतं.

अशात वैशाखात म्हाताऱ्या करशनबापांच्या बोअरमध्ये मोटार पडली. गावात गोडं पाणी तेवढंच. बाकी सगळीकडे असं खारं की चहा टाकला तर दूध फाटे. आणि बापांच्या नातीचं लग्न आठवड्यावर. जेतपूरची वरात येणार, मोठी तोंडाळ माणसं. त्यांना फाटका चहा पाजला तर पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. शहरातून मोटार काढणारे आले, दोन दिवस खटपट करून म्हणाले, नवा बोअर मारा. बापांच्या तोंडचं पाणी पळालं.

"शोधककाकांना बोलवा की," पानवाला हसत म्हणाला. बोअरपाशी जमलेले सगळे हसले. ओधवजी तिथेच उभे होते. त्यांचा पारा चढला.

"चार दिवसांत मोटार वर आणतो. नाही आणली तर भाता बंद! सुरतेला जाऊन बसतो!"

समजुबेन तिथेच, पाण्याच्या आशेने थांबलेल्या बायकांत होती. तिने डोक्यावरची रिकामी घागर खाली ठेवली.

तीन दिवस ओधवजींनी नवेनवे गळ घडवले. अरुंद गळ, लांब गळ, दोन नखांचा, एका नखाचा. दोरी सोडायची, खडखड व्हायची, गळ पाइपावरून निसटायचा. तुटका पाइप मोटारीवर उभा होता, तोंड वर करून, आणि बाहेरून त्याला धरायला धड पकडच नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले तेव्हा ताटात बाजरीचा रोटला, ताक आणि दुधी होता. लोणचं नव्हतं. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी ते बंद केलं होतं, आणि समजुबेन डॉक्टरांपेक्षा कडक.

जेवण झालं, समजुबेन लग्नघरी पापड लाटायला गेली. दुःखात माणसाला आंबट लागतं. ओधवजी फळीपाशी गेले. चिनी मातीची बरणी, थेट थानगढची, समजुबेनच्या आईने दिलेली. हात आत घातला, कैरीची एक जाडजूड फोड मुठीत धरली, आणि हात बाहेर येईना.

तेवढ्यात दारात समजुबेन. लाटणं विसरली होती.

"हे काय चाललंय?"

"चष्मा शोधतोय," ओधवजी म्हणाले.

"लोणच्यात?"

"मला काय ठाऊक तू कुठे ठेवतेस ते!"

"अहो, मूठ सोडा! हात आपसूक निघेल."

"कसली मूठ? काही धरलेलंच नाही," असं म्हणून त्यांनी तावातावाने हात वर केला. बरणीही वर आली. हाताला लटकून हलायला लागली, तेल ओघळायला लागलं.

"आईची बरणी!" समजुबेन किंचाळली आणि दोन्ही हातांनी तिने ती खालून झेलली. ओधवजी मात्र पुतळ्यासारखे उभे. बरणीकडे बघताहेत, मनगटाकडे बघताहेत, पुन्हा बरणीकडे. समजुबेनला वाटलं, चढला रक्तदाब.

"आतून," ते पुटपुटले. "बाहेरून नाही गं. आतून धरायचं!"

मूठ सोडून ते तेलकट हातानेच भट्टीवर गेले. दिवस मावळायच्या आत वस्तू तयार झाली. एक दांडा, त्याच्या टोकाला पाचर, पाचरीभोवती तीन नखं. खाली जाताना नखं मिटलेली, बिनबोभाट पाइपाच्या तोंडात शिरणार. वर ओढलं की पाचर त्यांना फाकवणार, आणि जितकं ओढाल तितकी नखं आतून घट्ट रुतणार. मांजर तीच, फक्त आता ती बिळात शिरून पंजे उघडत होती.

चौथ्या दिवशी सगळं गाव बोअरभोवती. तीन वाशांचं तिकाटणं उभं केलं, साखळी सोडली. ओधवजींनी हलकेच ओढ दिली आणि साखळी ताठ झाली. तासाभराने चिखलाने माखलेली मोटार भोकातून डोकं काढून बाहेर आली. करशनबापा रडले. पानवाल्याने न मागता पान आणून दिलं. नातीच्या लग्नात जेतपूरकरांनी चहाला नावं ठेवली नाहीत, जेवणाला ठेवली, पण तो त्यांचा हक्कच होता.

मग पंचक्रोशीतून बोलावणी सुरू झाली. कांतीला ओधवजींनी सांगितलं, "तुझा वारा तूच खा." आणि अकरा महिन्यांनी अहमदाबादहून वही घेऊन शेफालीबेन आल्या. खेड्यापाड्यांतल्या शोधकांची माहिती त्या गोळा करत. ओधवजी संकोचून म्हणाले, "बेन, मी नुसता पडलेलं शोधणारा. नवं काही काढणारा तो मी नव्हे."

"ही कल्पना पण पडलेलीच होती ना कुठेतरी? सापडली तुम्हालाच. कशी सापडली, तेवढं सांगा."

समजुबेन चहा घेऊन शेजारी बसली. ओधवजींनी घसा साफ केला.

"त्याचं असं झालं, मी बरणीत चष्मा शोधत होतो. हात अडकला."

शेफालीबेननी लिहिलं आणि त्या थांबल्या. "पण चष्मा तर चपटा, काका. तो धरला तर मूठ फुगेल कशी? हात सहज निघाला असता. इथेच तर सगळी गंमत आहे. मुठीत होतं काय?"

ओधवजींनी वहीकडे बघितलं. मग बायकोकडे. खोटं लिहिलं तर अवजार कुणाला कळणार नव्हतं आणि खरं सांगितलं तर घरात धडगत नव्हती. लोहार होते बिचारे. अवजाराची बाजू घेतली.

"कैरीची फोड," ते खालमानेने म्हणाले. "मोठी होती."

"लिहा बेन, लिहा," समजुबेन म्हणाली. "अकरा महिने मी या एका वाक्याची वाट बघत होते!" ओधवजी आणखी वाकले. पण तिचा आवाज मऊ झाला. "तसं मला आधीपासून ठाऊक होतं. रोज एक फोड कमी व्हायची. बरणीला कुलूप घालायचं रोज मनात यायचं, अन् रोज राहून जायचं. घातलं असतं तर आज दोघं त्या अकराव्या मजल्यावर बसलो असतो. बरं झालं नाही घातलं."

ओधवजींनी डोळे पुसले आणि त्यासाठी चष्मा काढावा लागला, तेव्हा तो नाकावरच होता हे त्यांना कळलं.

कुलूप त्याच संध्याकाळी लागलं. बरणीच्या झाकणाची कडी ओधवजींनाच घडवावी लागली, आणि कामात हयगय करायची त्यांना सवय नसल्यामुळे ती पक्की झाली. किल्ली समजुबेनकडे असते. नेमकी कुठे, याचा शोध अजून चालू आहे.